मागच्या चाकांचे सूत

आक्षेपक : तुम्ही बांधावयास घेतलेल्या गाडीच्या रूपाविषयी माझी कोणतीच तक्रार नाही. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी इंग्लंडात जी लोटस सेव्हन आणली, तिच्या लांबट नाकाची, उघड्या चाकांची आणि दोन माणसांना जेमतेम सामावून घेणाऱ्या अंगाची नक्कल जगभरच्या हौशी कारागिरांनी असंख्य वेळा केली आहे. आपल्या महाराष्ट्रातही अलिबागेस चिंकारा मोटर्सने त्याच वळणाची, फायबरग्लासच्या अंगाची रोडस्टर, ॲम्बॅसडरमध्ये बसत असे त्याच १.८ लिटरच्या इसुझु इंजिनावर उभी केली होती; तेव्हा वेंगुर्ल्यातल्या एका मांगरात हे धाडस चालावे यात नवल नाही. नोंदणीचा मामलाही मी येथे काढीत नाही, कारण वाहनातल्या फेरफारांविषयीचे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आपणां दोघांनाही ठाऊक आहे. माझा आक्षेप आहे तो मागच्या चाकांपाशी. मूळ गाडीत मागची दोन्ही चाके एकाच सलग आसाला जखडलेली होती; ती एकमेकांस समांतर राहत, रस्त्यावर सरळ उभी राहत, आणि त्यांचा झुकाव किंवा रोख बदलण्याची सोयच कोणाच्या हाती नव्हती. तुम्ही मात्र प्रत्येक चाकाला वेगळे वर-खाली होऊ देणारे दांडे बसविता आहात, आणि त्या प्रत्येक दांड्याच्या टोकास आटे पाडून त्याची लांबी कमीजास्त करण्याची तजवीज ठेविता आहात. ज्या गाडीचा मागचा अर्धा भाग मूळ गाडीसारखा चालणारच नाही, तिला प्रतिकृती म्हणावयाचे ते कशाच्या आधारावर?

पुरस्कर्ता : प्रश्न रास्त आहे; परंतु त्याचे उत्तर मूळ गाडीच्या दफ्तरात शोधू गेल्यास ते तुमच्याच बाजूने पडेल असे समजू नका. ज्या वर्षी सेव्हन आली त्याच १९५७ साली चॅपमन यांनी एलीट नावाची दुसरी गाडी लोकांपुढे मांडली, आणि तिच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. ती रचना आजही त्यांच्याच नावाने, चॅपमन स्ट्रट म्हणून, ओळखली जाते. म्हणजे एकाच माणसाने, एकाच वर्षी, पैसेवाल्या गिऱ्हाइकाला एक रचना दिली आणि हौशी तरुणाला दुसरी. सेव्हन सुट्या भागांच्या संचात विकली जाई, कारण तयार गाडीवर तेथे जो खरेदीकर बसे तो संचावर बसत नसे, आणि १९७३ साली करपद्धती बदलेपर्यंत ही सवलत टिकली. अशा संचात दुसऱ्या कोणत्या तरी मोटारीचा तयार आस घालणे सर्वांत स्वस्त पडे. सलग आसाची निवड तत्त्वापेक्षा हिशेबाने झाली होती. शिवाय तो बसविण्याची रीतही निर्दोष नव्हती. सेव्हनच्या दुसऱ्या मालिकेत आसाला बाजूस सरकू न देण्याचे आणि पुढेमागे हलू न देण्याचे अशी दोन्ही कामे डिफरन्शियलच्या पेटीखाली जोडलेल्या एका त्रिकोणी चौकटीवर सोपविली होती, आणि ती पेटी असल्या ओढाताणीसाठी घडविलेलीच नसल्यामुळे तिच्यावर ताण येऊन तेल गळण्याची तक्रार मालकांच्या पाचवीला पुजलेली असे. आता मी प्रतिकृती करावयाची ती त्या माणसाच्या बुद्धीची, त्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशाची, की त्या गळक्या पेटीची? मला वाटते, हलकेपणा आणि चाकाची रस्त्यावरील पकड या दोन गोष्टींवर त्याची जी श्रद्धा होती, तिची प्रतिकृती केली म्हणजे मी माझे इमान राखले.

आक्षेपक : श्रद्धेची प्रतिकृती करता येते हे मला मान्य नाही, श्रद्धेचा आधार घेऊन मनुष्य आपल्याला हवे तेच करतो, हा मात्र माझा अनुभव आहे. पण तो वाद बाजूस ठेवू, आणि सलग आस हा नुसता स्वस्त म्हणून टिकला की त्याच्या अंगी काही गुण होता, हे पाहू. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूस कलते तेव्हा सलग आसावरची चाके तिच्याबरोबर कलत नाहीत. वरचे अंग तीन अंश झुकले तरी रबर रस्त्यावर सपाटच टेकलेले राहते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये हेच साधण्यासाठी वरच्या आणि खालच्या दांड्यांची लांबी, त्यांचे उतार आणि त्यांची बिजागरे यांचा असा मेळ घालावा लागतो की अंग जितके बाहेर कलेल तितके चाक आत ओढले जावे, आणि तो मेळ चुकला तर परिणाम किती भयंकर होतो याची साक्ष इतिहासात आहे. पोर्शच्या ५५० स्पायडर गाडीच्या ज्या प्रतिकृती फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर बांधल्या जातात, त्यांच्यातील पुष्कळांना मागे झुलता आस असतो. चाक आणि अर्धा आस मिळून एकाच बिजागराभोवती फिरतात. अर्ध्या आसाची लांबी ६०० मिलिमीटर धरली, तर चाक ५० मिलिमीटर वर जाताच त्याचा झुकाव जवळजवळ पाच अंशांनी बदलतो. वेगाने वळताना बाहेरचे चाक गाडीखाली दुमडू पाहते, गाडीचे मागचे अंग उचलले जाते, आणि ते उचलले गेल्यामुळे चाक आणखी दुमडते. १९६० ते १९६३ या काळातील शेव्हरोले कॉर्व्हेरचा मागचा आस याच जातीचा होता, आणि राल्फ नेडर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण त्या गाडीवर लिहिले. दोन्ही चाके स्वतंत्र केली की स्वातंत्र्याचा बंदोबस्तही करावा लागतो, एवढेच मला म्हणावयाचे आहे. सलग आसाला तो बंदोबस्त जन्मतःच लाभलेला असतो.

पुरस्कर्ता : झुलत्या आसाचा दोष माझ्या पदरी बांधू नका, मी प्रत्येक चाकास खाली एक रुंद त्रिकोणी हात आणि वर एक आखूड हात देत आहे, आणि झुकावाची जी दुरुस्ती तुम्ही सांगितलीत ती त्या आखूड हातामुळेच घडते. परंतु तुमच्या सलग आसाची परीक्षा केवळ गुळगुळीत वळणावर घेऊन चालणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डांबराची कड तुटते आणि लाल मातीच्या साइडपट्टीत चाक उतरते. मोऱ्यांच्या तोंडाशी रस्ता एका बाजूने खचलेला असतो. मागच्या दोन चाकांत १३०० मिलिमीटर अंतर असलेल्या गाडीचे एक चाक ५० मिलिमीटर उंचवट्यावर चढले, की सलग आसामुळे दुसरे चाकही त्याच क्षणी दोन अंशांहून अधिक झुकते. ज्या चाकाच्या वाटेत काही नव्हते त्यालाही शेजाऱ्याच्या खड्ड्याची शिक्षा होते. आणि वजनाचे काय? ॲम्बॅसडरचा मागचा आस अकराशे किलोहून जड गाडीखाली, कमानपाट्यांवर बसण्यासाठी घडविलेला. वर एवढे ओझे असताना त्याचे स्वतःचे वजन कोणाच्या ध्यानीही येत नसे. तोच आस साडेपाचशे किलोच्या गाडीखाली घातला, तर स्प्रिंगांच्या खालचे वजन वरच्या वजनाच्या मानाने इतके वाढते की खडबडीत रस्त्यावर चाक टेकण्याऐवजी उड्या मारू लागते, आणि हवेत असलेल्या चाकाला पकड नसते.

आक्षेपक : ॲम्बॅसडरचाच आस घाला असे मी कोठे म्हटले? हलके आसही मिळतात. मारुती ओम्नीच्या मागच्या आसालाही चाके चालवावयाचीच होती. मूळ सेव्हनचा वारसा सांगणाऱ्या केटरहॅमने ६६० घनसेंटिमीटरच्या सुझुकी इंजिनाची जी छोटी गाडी काढली, तिच्यात सुझुकीचाच सलग आस घातला आहे, आणि ती गाडी पाचशे किलोंच्या आतबाहेरच आहे. पण वजनाचा मुद्दा मी पुष्कळसा मान्य करतो. न मान्य करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. तुमच्या रचनेत मागच्या प्रत्येक चाकाचा झुकाव, ज्याला गॅरेजवाले कॅम्बर म्हणतात, आणि त्याचा पुढचा रोख, ज्याला ते टो म्हणतात, ही दोन्ही माणसाने लावावयाची. आपल्या भागात अलाइनमेंटला गाडी नेली तर पुढच्या चाकांचा टो जुळवून पाठवतात, कारण ज्या गाड्या त्यांच्याकडे येतात त्यांच्यापैकी बहुतेकींना मागे जुळविण्यासारखे काही नसतेच. आणि हे वेंगुर्ले आहे. येथल्या खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत खिडकीची बिजागरी धरते. तुमच्या दांड्यांच्या टोकांस जे गोलाकार धातूचे सांधे आहेत, त्यांत हा क्षार आणि ही लाल धूळ बसली की एक तर ते खडखडू लागतील किंवा आटे असे गंजतील की पान्याने हलणार नाहीत. मग तुमचे ते जुळविण्याचे स्वातंत्र्य केवळ कागदोपत्री राहील, आणि गाडी मात्र ज्या कोणत्या चुकीत ती अडकली असेल त्या चुकीसह चालत राहील.

पुरस्कर्ता : गंजाचे भय खरे आहे, आणि त्यावर वंगण, रबरी टोपणे आणि दर पावसाळ्याअखेर सांधे उघडून साफ करण्याचा शिरस्ता याहून मोठा उपाय माझ्यापाशी नाही. परंतु तुमच्या युक्तिवादाच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि ते मला खोटे वाटते. ते हे की, सलग आसाला अलाइनमेंट नसते. ते असतेच, फक्त ते जुळविता येत नाही. आमचा वेल्डिंगवाला एक सूत इकडेतिकडे झाले तर चालते असे म्हणतो, आणि इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक, हे त्याचे सूत खिडकीच्या गजाला किंवा फाटकाला खरोखरच चालते. आता सलग आस पुढेमागे धरून ठेवणारे दोन दांडे एकमेकांपासून १२०० मिलिमीटरवर आहेत असे समजा, आणि एका बाजूचा कंस सांगाड्यावर एक सूत मागे जोडला गेला आहे असे समजा. सबंध आस अंशाच्या सातव्या भागाने तिरपा झाला. ऐकावयास हे नगण्य आहे. पण गाडीला सरळ जावयाचे तर आता तिला खेकड्यासारखे अंग तिरके धरून जावे लागेल, आणि सुकाणूचे चाक दोनएक अंश वळवून धरावे लागेल. आंबोलीच्या घाटात उजवे वळण आणि डावे वळण यांत तिची वागणूक सारखी राहणार नाही. पुढच्या चाकांची चूक निदान चालविणाऱ्याच्या हातांखाली असते, ती त्याला जाणवते आणि तो ती सावरतो. मागच्या चाकांची चूक त्याच्या पाठीमागे घडते, आणि भर पावसात घाटातल्या ओल्या वळणावर तिची वार्ता त्याला पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. सलग आसात ही चूक कोणी दुरुस्त करू शकत नाही. ती वेल्डिंगच्या शिवणीत कायमची बसते.

आक्षेपक : तुम्ही दिलेला आकडा मी स्वीकारतो, आणि तोच उलटून तुमच्यापुढे ठेवतो. सबंध आस अंशाच्या सातव्या भागाने तिरपा झाला, तरी त्यावरची दोन्ही चाके एकमेकांस समांतरच राहिली. गाडी तिरकी चालेल, पण टायर घासणार नाहीत. तुमच्या रचनेत तेवढीच चूक प्रत्येक चाकाच्या रोखात स्वतंत्रपणे पडली, आणि दोन्ही चाके एकमेकांकडे वळली, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला अडीच मीटर बाजूस फरफटत जाईल. वेंगुर्ल्याहून सावंतवाडीस जाईपर्यंत ही फरफट सत्तर मीटरांच्या घरात जाते. आणि दोन्ही चाके बाहेरच्या बाजूस वळलेली असतील, तर फरफटीबरोबर अस्थैर्यही येते. मागचे अंग आपण होऊन वळणाबाहेर पडू पाहते. तिरप्या आसाची चूक एक असते आणि तिचे कारण एक असते. सुकाणूचे चाक वाकडे दिसले की ती ओळखता येते. तुमच्या गाडीत दोन झुकाव आणि दोन रोख मिळून चार आकडे आहेत, आणि एकास हात लावला की दुसरा हलतो. एक दोष दुसऱ्यास झाकील, आणि गाडी सरळ चालत असूनही आतून चुकलेली असेल. कोणती चूक अधिक प्रामाणिक?

पुरस्कर्ता : या भेदाकडे मी इतके दिवस पाहिले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. समांतर राहून चुकणे आणि परस्परांविरुद्ध चुकणे, या दोन निराळ्या जाती आहेत. पण यावरून मला जग्वारची आठवण होते. १९६१ च्या ई-टाइप गाडीत त्यांनी जे मागचे स्वतंत्र सस्पेन्शन आणले, ते पुढे कोब्रा गाडीच्या प्रतिकृती बांधणाऱ्यांचे आवडते झाले, कारण भंगारातल्या जग्वारखालून ते उचलून आणता येई. त्यात चाकाला फिरविणारा शाफ्टच वरच्या हाताचे काम करतो. झुकाव बदलावयाचा तर शाफ्ट आणि ब्रेकची तबकडी यांच्यामध्ये पातळ चकत्या घालावयाच्या. परंतु रोख बदलण्याची सोय त्यांनी ठेविलीच नाही. म्हणजे ज्यांनी ती रचना केली, त्यांनाही सर्व स्वातंत्र्य देणे योग्य वाटले नव्हते.

आक्षेपक : त्यांनी रोख आपल्या कारखान्यातल्या साच्यावर सोपविला होता. भक्कम साच्यात घडलेला भाग दर वेळी तोच येतो, म्हणून तो जुळवावा लागत नाही. तुमच्यापाशी साचा कोठे आहे? सागवानाच्या टेबलावर तुम्ही चौकोनी नळ्या ठेवून जोडता, गुण्याने काटकोन पाहता, कर्ण मोजता, पाणसळ लावता. आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नळी थंड होताना जी ओढ घेते ती यांपैकी कोणत्याच साधनाला आगाऊ कळत नाही. म्हणूनच तुम्ही सर्वत्र आटे पाडले आहेत. ती चुकीची आगाऊ तजवीज आहे, आणि चुकीची तजवीज करून ठेवणारा कारागीर चूक टाळण्याची शिकस्त करीत नाही, अशी मला भीती वाटते. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत गाडी बांधण्याचे जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा सलग आस घ्यावयास सांगितले. नवशिक्याच्या हातांत किती मोकळीक द्यावी याचा तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता असे मी मानतो.

पुरस्कर्ता : उलट मला वाटते की, आपला हात एका सुताने चुकणार हे जाणणारा आणि त्याचा हिशेब आधीच मांडून ठेवणारा कारागीर, आपला हात चुकणारच नाही असे धरून चालणाऱ्याहून अधिक जबाबदार असतो. माझी रुजुवात कशी असेल तीही ऐका. सिमेंटच्या जमिनीवर चारही चाकांखालची पातळी पाणसळीने एक करावयाची. रिकाम्या गाडीवर मोजमाप घेणे व्यर्थ आहे, कारण साडेपाचशे किलोच्या गाडीत पंचाहत्तर किलोचा चालक म्हणजे सातवा हिस्सा झाला, आणि तो बसतोही मागच्या आसाच्या जवळ. म्हणून त्याच्या जागी पंचवीस किलोच्या तीन तांदळाच्या गोण्या ठेवावयाच्या. गाडीच्या दोन्ही अंगांस, मध्यरेषेला समांतर, चार खुंट्यांवर सूत ताणावयाचे, आणि प्रत्येक रिंगच्या पुढच्या व मागच्या कडेपासून सुतापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावयाचे. तेरा इंची रिंगवर एक मिलिमीटरचा फरक म्हणजे अंशाचा सहावा भाग. झुकावासाठी ओळंबा सोडावयाचा. हे झाल्यावर स्प्रिंग काढून चाक जॅकने दहा-दहा मिलिमीटर उचलावयाचे आणि प्रत्येक पायरीला रोख पुन्हा पाहावयाचा, कारण स्थिर गाडीवर बरोबर असलेला रोख चाक वर जाताच बदलत असेल, तर पहिल्या आकड्याला काही किंमत नाही. आणि येथे मी तुमच्याशी सहमत आहे : हा बदल आट्यांनी दुरुस्त होत नाही. तो बिजागरांच्या जागांवरून ठरतो, आणि त्या जागा सांगाड्यावर वेल्ड केलेल्या असतात.

आक्षेपक : मग आपण दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचलो. तुम्ही म्हणालात, सूत मध्यरेषेला समांतर ताणावयाचे. कोणाच्या मध्यरेषेला? कारखान्यातल्या गाडीवर ती रेषा साच्याने ठरविलेली असते. तुमच्या गाडीवर ती तुम्हीच काढलेली आहे. पुढच्या चाकांच्या कंसांवरून काढली तर एक येईल, सांगाड्याच्या नळ्यांवरून काढली तर दुसरी, मागच्या बिजागरांवरून काढली तर तिसरी. जमिनीच्या मोजणीत मूळचा हद्दीचा दगडच चार हात सरकलेला असला, तर त्यावरून कितीही काटेकोरपणे साखळी टाकली तरी शेजाऱ्याशी तंटा होतोच. तुमची चारही चाके त्या सुताशी तंतोतंत जुळतील आणि गाडी तरीही तिरकी चालेल. यापेक्षा मध्यममार्ग का घेत नाही? डी डियॉन पद्धतीत डिफरन्शियल सांगाड्याला जोडतात आणि दोन्ही चाकांना एका हलक्या, नुसत्या नळीने बांधतात; खालचे वजन कमी होते, आणि चाके सरळ व समांतर राहतात. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती ठाऊक आहे, आणि केटरहॅमनेही ऐंशीच्या दशकात सेव्हनसाठी तिचाच आश्रय केला.

पुरस्कर्ता : तिने वजनाचा तंटा मिटतो, हे मी मानतो, एका चाकाचा खड्डा दुसऱ्याला भोगावा लागतो तो मात्र तसाच राहतो. आणि रेषेचा तंटा मुळीच मिटत नाही. ती नळीही दोन दांड्यांनी पुढेमागे धरावी लागते, आणि बाजूस सरकू नये म्हणून एक आडवा दांडा द्यावा लागतो. तो दांडा ९०० मिलिमीटर लांब असला तरी चाके साठ मिलिमीटर वर जाताना सबंध नळी दोन मिलिमीटर एका बाजूस ओढली जाते. ते नको असेल तर जेम्स वॉट यांनी वाफेच्या इंजिनासाठी शोधलेली जोड-दांड्यांची रचना लावा, म्हणजे आणखी तीन सांधे, आणि त्या तिघांनाही हा खारा वारा. नळीवर चाके बसविण्याचे तोंड अर्ध्या मिलिमीटरने वाकडे कातले गेले, तर तुमचे समांतरपण जन्मापासूनच खोटे. मला आता असे दिसते की, सलग आस चांगला की स्वतंत्र, हा आपला वाद नव्हताच. ती रेषा कोणी ठरवावयाची, आणि एकदा ठरविल्यावर ती पुन्हा तपासण्याचा अधिकार कोणापाशी ठेवावयाचा, हा वाद होता. तुम्ही तो अधिकार बांधणीच्या दिवशी संपवू पाहता, म्हणजे पुढे कोणी त्यात फेरफार करू नये. मी तो मालकाच्या हाती, दर पावसाळ्यानंतर, जिवंत ठेवू पाहतो.

आक्षेपक : आणि मालक बदलला तर? गाडी तुमच्यानंतर कोणाकडे तरी जाईल. त्याच्यापाशी ना सूत असेल, ना तांदळाच्या गोण्या, ना हे संभाषण. असेल तो एक पाना, आणि सैल झालेली एक लॉकनट.

पुरस्कर्ता : त्याच्यासाठी मी चारही आकडे आणि ते कोणत्या रेषेवरून घेतले, हे पत्र्यावर कोरून डॅशबोर्डाखाली बसविणार आहे. पण ती रेषा कोणती, हे मला अजून ठरविता आलेले नाही. काल पुढच्या कंसांवरून आणि मागच्या कंसांवरून अशा दोन मध्यरेषा मी टेबलावर आखल्या, आणि त्या मागच्या टोकाशी एकमेकींपासून पाऊण सूत दूर पडल्या. मागचे कंस मी अद्याप नुसते तात्पुरते टॅक मारून ठेवले आहेत.